फाइलची ओळख नावावरून पटत नाही

लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा हा सुरतेचा पट्टा धुळे, नंदुरबार आणि जळगावकडच्या माणसांनी भरलेला आहे. आधीच्या पिढीचे हात लूमवर चालले. पुढच्या पिढीतली बरीच मुलं संगणकाच्या दुकानात, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात किंवा रिंग रोडच्या कापड मार्केटात बिलं करायला बसतात. त्यांच्या समोरच्या संगणकात काय काय असतं, ते न बघताही बरंचसं सांगता येतं. विंडोज असतं. हिशेबाचं पॅकेज असतं. मशीनला द्यायच्या डिझाइनच्या फायली असतात. लग्नपत्रिका छापणारा असेल तर श्रीलिपीसारखं टंकांचं पॅकेज असतं. शिवाय कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेली दोन-चार सॉफ्टवेअर असतात, ज्यांचा उगम कुणालाच ठाऊक नसतो.

समजा, असा एक संगणक फसवणुकीच्या तपासात जप्त झाला. त्यात लाखाच्या वर फायली सहज निघतात. त्यातल्या बहुतेक विंडोजच्या आणि विकत मिळणाऱ्या पॅकेजांच्या असतात. त्या जगभरच्या कोट्यवधी संगणकांत जशाच्या तशा आहेत आणि त्यांत या माणसाचं स्वतःचं असं काहीच नाही. तपासणाऱ्याला हवी असलेली माहिती उरलेल्या थोड्या फायलींत आहे. जुना मुनीम खतावणीतल्या ओळखीच्या नोंदींवर खुणा करत जातो आणि खूण न झालेल्या नोंदींवर बोट ठेवतो, तसंच इथेही आधी ओळखीचं सगळं बाजूला काढावं लागतं.

पण ओळखीचं म्हणायचं कशावरून? फाइलचं नाव एका क्षणात बदलता येतं. तारीखही बदलता येते. आकार सारखा असलेल्या फायली ढिगानं सापडतात. आतला मजकूर मात्र बदलला की फाइलच वेगळी होते. म्हणून ओळख मजकुरावरून ठरवायची, आणि त्यासाठी मजकुराचा हॅश काढायचा.

हॅश म्हणजे कुठल्याही लांबीच्या मजकुरावर ठरलेलं गणित करून काढलेली ठरावीक लांबीची संख्या. आज सर्रास वापरात असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत ती २५६ बिटांची असते. कागदावर लिहिताना ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं वापरून तिची ६४ चिन्हं होतात. फाइल एका ओळीची असो की चार जीबीच्या सिनेमाची, चिन्हं ६४च. फाइल पूर्ण रिकामी असली तरी तिला हॅश असतो. तो ई, ३, बी, ०, सी, ४, ४, २ असा सुरू होतो, आणि जगातल्या कुठल्याही संगणकावर काढला तरी तोच येतो.

आतलं गणित समजून घेण्यासारखं आहे. एसएचए-२५६ फाइलचे ६४ बाइटांचे तुकडे पाडतं. सुरुवातीला त्याच्या हातात ३२ बिटांच्या आठ संख्या असतात. प्रत्येक तुकडा या आठ संख्यांत ६४ फेऱ्यांनी मिसळला जातो: बिट सरकवायचे, फिरवायचे, एकमेकांशी ताडायचे, बेरीज करायची आणि बत्तीस बिटांच्या बाहेर गेलेलं सोडून द्यायचं. एका तुकड्यातून बाहेर पडलेल्या आठ संख्या पुढच्या तुकड्याची सुरुवात होतात. शेवटच्या तुकड्यानंतर त्या ओळीनं मांडल्या की हॅश तयार. पहिल्या आठ संख्या कुठून आल्या? २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ या पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतल्या दशांश चिन्हापुढच्या भागातून. प्रत्येक फेरीत मिसळायचे ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून घेतले आहेत. ही पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे हेरगिरीशी थेट नातं असलेल्या संस्थेनं, बनवली. आकडे मनाला येतील ते घेतले असते तर त्यांत चोरदार ठेवल्याचा संशय कायम राहिला असता. वर्गमूळ कुणालाही काढून पडताळता येतं, आणि मला हा या रचनेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

या मिसळण्याचा परिणाम असा, की फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅशच्या २५६ बिटांपैकी सुमारे निम्मे पालटतात. दोन हॅश शेजारी ठेवले तर त्या फायलींचा एकमेकींशी काही संबंध होता असा मागमूसही राहत नाही. हॅशवरून उलट्या दिशेनं फाइल बांधता येत नाही. एसएचए-२५६चे शक्य हॅश मोजायला ७८ अंकी संख्या लागते, त्यामुळे दोन वेगळ्या फायलींचा हॅश योगायोगानं जुळेल ही भीती व्यवहारात उरत नाही.

ओळखीच्या फायलींची सर्वांत मोठी वही अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्ग इथे आहे. तिथली निस्ट ही राष्ट्रीय मानक संस्था दोन दशकांहून अधिक काळ ‘नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी’ चालवते. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं किंवा देणगी म्हणून मिळवायचं, मूळ खोकी आणि तबकड्या कुलपात ठेवायच्या, आतली प्रत्येक फाइल सोडवून तिचा हॅश काढायचा, आणि हॅश, नाव, आकार, पॅकेज, निर्माता अशी नोंद करायची. ही यादी दर तिमाहीला फुकट प्रसिद्ध होते. न्यायवैद्यक तपासाची ‘ऑटॉप्सी’सारखी मोफत साधनं ती थेट वापरतात. जप्त डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा हॅश काढून यादीशी ताडला की विंडोजचा सगळा पसारा नजरेआड होतो. इंग्रजीत या कामाला त्या संस्थेच्या नावावरूनच ‘डी-निस्टिंग’ म्हणतात.

इथे एक खुबी आहे. गुन्हेगारानं स्वतःच्या फाइलला विंडोजच्या एखाद्या फाइलचं नाव देऊन ती विंडोजच्याच फोल्डरात दडवली, तर माणसाच्या नजरेतून ती सुटेल. हॅश मात्र यादीत सापडणार नाही आणि ती ‘अनोळखी’च्या गटात आपोआप उघडी पडेल. विंडोजचीच एखादी फाइल वेगळ्या नावानं ठेवली असेल तर तीही ओळखू येईल, आणि ती तिथे का ठेवली, हा प्रश्न विचारता येईल.

ही यादी ‘चांगल्या’ फायलींची नाही, हे विसरून चालत नाही. तिच्यात लोकांना मिळू शकणारी हॅकिंगची साधनंही नोंदलेली आहेत. यादी एवढंच सांगते की ही फाइल अमुक पॅकेजमध्ये आलेली होती.

हीच कल्पना उलट बाजूनं, म्हणजे फाइल संगणकात येतानाच, रोज कोट्यवधी वेळा वापरली जाते. लिनक्सवर डेबियन नावाची प्रणाली आहे. उबंटू तिच्यावर बेतलेली आहे आणि आपल्या सीडॅकची बॉस लिनक्सही. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. सुरतेतल्या एखाद्या मुलानं त्यातलं एक मागवलं, तर ते जर्मनीतून येईल, सिंगापूरहून येईल किंवा भारतातल्या एखाद्या महाविद्यालयानं चालवलेल्या डेबियनच्या नकलेतून (मिररमधून) येईल. त्या नकलेचा चालक कोण, त्याचा संगणक सुरक्षित आहे का, हे त्या मुलाला माहीत नसतं. माहीत असण्याची गरजही नसते.

कारण असं. डेबियन प्रत्येक पॅकेजचा आकार आणि एसएचए-२५६ हॅश एका सूचीत लिहितं. त्या सूचीचा हॅश ‘रिलीज’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही असते, आणि सही तपासायची किल्ली प्रणालीबरोबरच आधी येऊन बसलेली असते. संगणक आधी सही तपासतो, मग सूचीचा हॅश, मग पॅकेजचा. वाटेत कुणी एक बाइट जरी बदलला तरी साखळी तुटते आणि पॅकेज बसत नाही. हजारो पॅकेजांचा विश्वास एका सहीवर तोलला गेला आहे, आणि फाइल वाहून आणणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवावा लागत नाही. उधन्यातल्या दुकानातल्या पेन ड्राइव्हच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. तिथे फाइलबद्दल काहीच माहीत नसतं, सगळा विश्वास आणणाऱ्या हातावर.

विंडोजवरही ही तपासणी करता येते, आणि दुकानात बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ती यावी असं मला मनापासून वाटतं. ‘सर्टयुटिल’ हे साधन विंडोजमध्येच असतं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा असते. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’. आलेला हॅश निर्मात्यानं दिलेल्या हॅशशी पूर्ण ताडून बघायचा, नुसती पहिली चार चिन्हं बघून सोडायचं नाही. निर्मात्याचा हॅश कुठून घेतला, हेही महत्त्वाचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि चोरदार ठेवलेली प्रणाली लोकांच्या गळ्यात घातली. अशा वेळी हॅशही त्याच पानावर लिहिलेला असेल तर चोर दुव्याबरोबर तोही बदलू शकतो. फाइल एका ठिकाणाहून आणि हॅश दुसऱ्या, सही असलेल्या ठिकाणाहून घेतला तरच ताडण्याला अर्थ असतो.

हातात एक अनोळखी फाइल आहे आणि ती कुठल्या पॅकेजातली हे शोधायचं आहे, असाही प्रसंग येतो. डेबियनचं जुन्या पॅकेजांचं संग्रहालय २००५पासूनच्या आवृत्त्या हॅशवरून साठवतं. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प जगभरचा मूळ कोड गोळा करतो आणि प्रत्येक फाइलची ओळख तिच्या मजकुराच्या हॅशनं ठेवतो. तीच फाइल हजार प्रकल्पांत असली तरी तिथे ती एकदाच साठवली जाते. व्हायरसटोटल या सेवेत तर फाइल न पाठवता नुसता हॅश टाकून विचारता येतं, की ही आधी कुणी बघितली आहे का. गिऱ्हाइकाची खासगी फाइल परक्याच्या हाती न देता चौकशी करण्याचा हा सभ्य मार्ग आहे.

या पद्धतीची एक अडचण लगेच हाताला लागते. एकच मूळ कोड दोघांनी आपापल्या संगणकावर बांधला तर तयार फायलींचे हॅश सहसा जुळत नाहीत, कारण बांधणीची वेळ, फोल्डरचं नाव अशा बारीकसारीक गोष्टी फाइलमध्ये उतरतात. जावाची पॅकेजं म्हणजे मुळात झिप फायली. आतलं सगळं तेच असूनही नुसत्या तारखांमुळे बाहेरचा हॅश बदलतो. म्हणून ओळखायचं असेल तर पॅकेज सोडवून आतल्या एकेका फाइलचा हॅश काढावा लागतो. आणि म्हणूनच डेबियनच्या लोकांनी २०१३पासून, कुणीही कुठेही बांधलं तरी बिट न् बिट तेच निघावं, यासाठी चिकाटीनं काम चालवलं आहे. थोड्याफार बदललेल्या फायली ओळखायला ‘एसएसडीप’सारखे साम्य मोजणारे हॅशही आहेत, पण ते अंदाज देतात, पुरावा नव्हे.

हॅशच्या ओळखीची खरी मर्यादा महाराष्ट्रानं जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याला बघितली. २७ जूनला जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर अडकून राहिले. त्या दिवशी जगभर पसरलेल्या या हल्ल्याचं नाव नॉटपेट्या. त्याचा उगम होता युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या पॅकेजमध्ये. तिथले व्यापारी ते कराच्या कामासाठी वापरत, जसं आपल्याकडे जीएसटीसाठी एखादं पॅकेज वापरतात. हल्लेखोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले होते. त्यांनी अधिकृत अपडेटमधल्या एका फाइलमध्येच चोरदार बसवलं होतं आणि ते एप्रिलपासूनच्या काही अपडेटांतून गिऱ्हाइकांपर्यंत गेलं होतं. अपडेट खऱ्या कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवरून आलं. त्याचा हॅश कंपनीच्या फाइलशी ताडला असता तर तंतोतंत जुळला असता. मर्स्कनं स्वतः नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला.

हॅशनं इथे खोटं सांगितलं नाही. ‘ही तीच फाइल आहे,’ एवढंच तो सांगतो, आणि ते खरं होतं. ‘ती फाइल कशी आहे’ हा प्रश्न त्याला विचारणंच चूक. मार्च २०२४ मध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार सापडलं, तेव्हाही त्या पॅकेजवरची सही खऱ्या देखभाल करणाऱ्याची होती. चोरी पकडली गेली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या उशिराची शंका आल्यामुळे. पण या प्रकरणात हॅश दुसऱ्या टोकाला कामी येतो. दूषित फाइल एकदा ओळखली की तिचा हॅश काही तासांत जगभर फिरतो, आणि प्रत्येक संस्था आपल्या हजारो संगणकांत ती फाइल आहे का, हे नाव न बघता शोधू शकते. भारतातल्या सर्ट-इन या संस्थेनं सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्रत्येक घटकाचा हॅश नोंदवायला सांगितलं आहे, ते यासाठीच.

हॅशच्या पद्धतीही म्हाताऱ्या होतात. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये बनवलेली एमडी५ पद्धत २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडली: एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फायली त्यांनी बनवून दाखवल्या. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेर-सॉफ्टवेअरनं हाच दुबळेपणा वापरून मायक्रोसॉफ्टची सही असल्याचा आव आणला होता. एसएचए-१ची तीच गत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं केली. मात्र दोन्ही फायली स्वतः बनवून त्यांचे हॅश जुळवणं वेगळं, आणि मायक्रोसॉफ्टनं आधीच प्रसिद्ध केलेल्या फाइलच्या हॅशशी जुळणारी खोटी फाइल बनवणं वेगळं. दुसरं काम एमडी५च्या बाबतीतही आजवर प्रत्यक्षात कुणाला साधलेलं नाही. त्यामुळे जुन्या यादीतले एमडी५ एकदम कचऱ्यात जात नाहीत. नवी नोंद करताना मात्र एसएचए-२५६च घ्यावा.

हे सांगायचं कारण आपला कायदा. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ३ मध्ये संसदेनं हॅशची व्याख्याच दिली आहे: त्याच नोंदीचा हॅश दर वेळी तोच यावा, त्यावरून मूळ नोंद काढता येऊ नये, आणि दोन नोंदींचा हॅश एक येणं गणनेनं अशक्यप्राय असावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी मिटवला, तो जालन्याच्या प्रकरणात. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला का, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल ते चित्रीकरण घेऊन न्यायालयात गेले होते. न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागेलच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नं एक पाऊल पुढे टाकलं. प्रमाणपत्राच्या नमुन्यातच नोंदीचा हॅश लिहायची जागा आहे आणि तो कुठल्या पद्धतीनं काढला ते नमूद करायचं आहे: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ किंवा इतर. पहिला भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. एमडी५ आणि एसएचए-१ हे पर्याय त्या नमुन्यात राहायला नको होते, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या पद्धतीत एकाच हॅशच्या दोन फायली बनवता येतात, तिच्यावर आरोपीचा वकील बोट ठेवणारच. त्यामुळे भरणाऱ्यानं तरी एसएचए-२५६च लिहावा, आणि तोही जप्तीच्या जागीच, पंचांसमोर. एसएसडी प्रकारची डिस्क नुसती चालू ठेवली तरी ती पुसलेल्या जागा आतल्या आत आवरत राहते, म्हणून सबंध डिस्कचा हॅश नंतर बदललेला निघू शकतो. एकेका फाइलचे हॅश वेगळे नोंदले असतील तर त्या फायली जशाच्या तशा असल्याचं तरीही दाखवता येतं.

आता पुन्हा उधन्यातल्या त्या संगणकाकडे. निस्टची यादी त्यातलं विंडोज झटकन ओळखेल. पण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकच्या आयएसएमच्या जुन्या आवृत्त्या, सुरतेत एखाद्यानं लूमवाल्यांसाठी लिहिलेलं पगाराचं पॅकेज, या गोष्टी मेरीलँडच्या कपाटात पोहोचण्याचा संभव कमी. यादीत नसलेली प्रत्येक फाइल तपासणाऱ्यापुढे अनोळखी म्हणून येते, आणि त्या गर्दीत खरी महत्त्वाची फाइल दडते. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, सुरतेत एसव्हीएनआयटी आहे, पुण्यात सीडॅक आहे. भारतीय पॅकेजांची अशी यादी या संस्थांनी मिळून करायला हवी. तिचं गणित सोपं आहे, कष्टाचा भाग मूळ तबकड्या मिळवण्याचा. निस्ट खोकी जपून ठेवते ती उगाच नाही. हा हॅश कशाचा, असं न्यायालयानं विचारलं तर मूळ वस्तू दाखवता आली पाहिजे. स्टीफन कॅब्रिनेटी यांच्या, स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेल्या जुन्या संगणक-खेळांच्या संग्रहाची जपणूक निस्टच्या याच लायब्ररीच्या मदतीनं झाली, म्हणजे तपासाबरोबर वारशाचंही काम होतं.

सुरुवात छापखान्यांपासून करावी. सुरतेच्या मराठी वस्तीत, नंदुरबारला, धुळ्याला पत्रिका छापणाऱ्यांकडे टंकांच्या पॅकेजांच्या नव्वदच्या दशकातल्या अस्सल तबकड्या अजून निघतील. तबकडीवरचं लेबल, आवृत्ती, खरेदीची पावती असेल तर तिचं छायाचित्र, आणि आतल्या प्रत्येक फाइलचा आकार व एसएचए-२५६: एवढ्या नोंदीवर एक तबकडी पूर्ण होते. पॅकेजचा हक्क कंपनीकडेच राहतो, कारण यादीत फाइल जात नाही, फक्त हॅश जातो.